उरलेल्या टिकल्या कुठे गेल्या?

भांडुप पश्चिमेला, टेंभीपाड्याच्या चढावर राहणाऱ्या एका मुलीचं हे प्रकरण. मी मराठी माध्यमाच्या पाचवीला शिकवते, ती माझ्या वर्गात होती. तिचं नाव लिहीत नाही, शाळेचंही नाही. सांगायचं आहे ते तिच्या भागाकाराबद्दल. तो भागाकार नेमका कुठे चुकतोय हे कळायला तिच्या आईला वर्गात येऊन बाकावर बसावं लागलं, त्याबद्दल.

पहिल्या सत्राच्या माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे गणिताला क-२ होता, म्हणजे ४१ ते ५० टक्क्यांच्या मधे. वर्णनात्मक नोंद होती: ‘भागाकारात चुका होतात. सराव आवश्यक.’ हीच नोंद, अगदी याच शब्दांत, आणखी आठ मुलांच्या नावांपुढे होती. सत्राचे शेवटचे दोन दिवस, ३४ मुलं, प्रत्येकाचे सगळे विषय. नोंदी अशाच होतात. प्रगतिपुस्तक घरी गेलं आणि सही होऊन परत आलं. ती सही आईची नव्हती, नववीतल्या बहिणीची होती, हे मला फार उशिरा कळलं. घरातल्या एकाही मोठ्या माणसानं ते पुस्तक उघडलं नव्हतं.

खरं तर कायदा याच्या उलट सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित बैठका घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती त्यांना सांगणं हे त्यातलं एक कर्तव्य. आपल्या राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पाचवीला आकारिक, म्हणजे शिकता शिकता केलेलं मूल्यमापन ५० आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं ५० अशी विभागणी झाली. आकारिकची आठ साधनं दिली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही सात आपल्याला तोंडपाठ असतात. आठवं ‘इतर’, आणि त्यात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन अशी नावं घेऊन लिहिलेली आहेत. आठव्या रकान्यात मी वर्षानुवर्षं गुण भरत आले. ‘तुला स्वतःला काय वाटतं, कुठे अडतंय?’ असं मात्र एकाही मुलाला विचारलं नव्हतं.

मला जागं केलं ते त्याच्या आदल्या वर्षीच्या पालकसभेनं. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, दुपारी दोन वाजता, ३४ पैकी अकरा पालक आले होते. मी यादी घेऊन एकेकाचं नाव आणि श्रेणी वाचली, कोण कुठे कमी पडतोय ते सगळ्यांसमोर सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगा बाही खाली ओढून बसला होता. मनगटाच्या वर पट्ट्याचा वळ होता. विचारलं, तर खाली मान घालून म्हणाला, “तुम्ही बाबांना सांगितलंत ना.” त्याच्या बाबांशी मी बोलले, पुढेही बोलत राहिले. पण पालकांना माहिती दिली म्हणजे पालकांचा सहभाग झाला, हा माझा समज त्या वळापाशी संपला. आपण सांगितलेली गोष्ट घरी जाऊन कुठलं रूप घेते, याची जबाबदारी सांगणाऱ्याचीही असते.

पुढच्या वर्षी, म्हणजे या मुलीच्या वर्षी, मी हा विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडला. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असतात. आमच्या समितीतल्या आया एरवी फारशा बोलत नाहीत, त्या दिवशी बोलल्या. एक म्हणाली, “दोन वाजता आमच्या वरच्या चाळीला पाणी येतं मॅडम. पाणी सोडून कोण येणार?” मुंबईचं पाणी शुद्ध करणारा मोठा प्रकल्प भांडुपमध्येच आहे, पण डोंगरउतारावरच्या चाळींना पाणी ठरावीक वेळेलाच मिळतं आणि बायकांचा दिवस त्या वेळेभोवती बांधलेला असतो. मी किती वर्षं ‘पालकांना आस्था नाही’ असं म्हणत होते, ते आठवून फार वाईट वाटलं. मग ठरलं: सभा नाही, भेटी. एका वेळी एकच कुटुंब, पंधरा मिनिटं, शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर. ३४ कुटुंबांचे साडेआठ तास होतात, ते पाच शनिवारांत बसले. ज्या शिक्षकांना हे करावंसं वाटेल त्यांच्यासाठी हा हिशोब मुद्दाम देतेय. एवढा वेळ काढता येतो.

दुसरी गोष्ट मी माझ्यापुरती ठरवली. भेटीत मी बोलायचं नाही, मूल बोलेल. त्या टेबलावर श्रेणी आणि गुण ठेवायचे नाहीत. रूथ बटलर या संशोधिकेनं १९८८ मध्ये इस्रायलमधल्या मुलांवर केलेल्या अभ्यासाची यामागे आठवण होती. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. आपल्याकडे वेगळं काय होतं? आकडा दिसला की घरातलं पहिलं वाक्य असतं, “शेजारच्याला किती?” शेरा तिथेच मरतो.

मुलांची तयारी करून घेण्यात तीन आठवडे गेले. प्रत्येकानं आपल्या कामातले तीन कागद निवडायचे: जे जमलं ते, जे आधी जमत नव्हतं आणि आता जमतंय ते, आणि जिथे अजून अडतं ते. पहिल्या दोन्हींसाठी कागद लगेच निघाले. तिसऱ्यासाठी कुणीच काही काढेना. चुकलेला कागद मुलं दप्तराच्या तळाशी दाबून ठेवतात, काही जण फाडूनच टाकतात. मग मी रोज एक चुकलेलं उदाहरण, कुणाचं ते न सांगता, फळ्यावर लिहायला लागले. ‘या मुलानं काय विचार केला असेल?’ एवढंच विचारायचं. ‘चूक कुठे आहे’ हा प्रश्न मुद्दाम टाळायचा. आठवड्याभरानं मुलं आपणहून सांगू लागली, “मॅडम, ते माझं आहे.” त्यानंतर जोडीजोडीनं बोलण्याचा सराव झाला: मला हे येतं, इथे अडतं, मला अशी मदत हवी.

दुसऱ्या शनिवारी या मुलीची पाळी होती. आई वेळेआधीच येऊन दाराशी उभी होती. ती घरी टिकल्यांची पाकिटं भरते. माल कारखान्यातून येतो, मजुरी ग्रोसवर, म्हणजे १४४ पाकिटांमागे. तिच्या अंगठ्याला आणि तर्जनीला टिकल्यांचा डिंक बसून काळपट थर झाला होता. बाकावर बसताना तिनं ती बोटं पदरात लपवली.

“मॅडम, मी गावाला सातवीपर्यंत शिकलेय. मला ह्यातलं काय कळणार?”

“ताई, आज मी सांगणार नाहीये. ती सांगणार आहे.”

मुलीनं पहिला कागद ठेवला, घर ते शाळा रस्त्याचा नकाशा. त्यात चढावरचा नळ आणि दत्ताचं देऊळही होतं. दुसरा, दोनदा सुधारून लिहिलेला निबंध. तिसरा काढताना थोडी थांबली. मग एका दमात म्हणाली, “आई, इथे मी अडते. छोटे भागाकार येतात, मोठे येत नाहीत.”

ती भागाकाराची चाचणी होती. दहा उदाहरणांतली सहा चुकलेली. आईनं कागद हातात घेतला आणि पहिल्या लाल फुलीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: ६१२ ÷ ६ = १२.

“हे काय आहे?”

“सहाशे बाराला सहानं भागायचं.”

आई जरा वेळ गप्प. “म्हणजे सहाशे बारा टिकल्या सहा डब्यांत सारख्या भरायच्या?”

“हो.”

“आणि एका डब्यात बारा?”

“हो.”

“बारा सक बहात्तर. बहात्तरच झाल्या की गं. उरलेल्या कुठे गेल्या?”

मुलीनं आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

“एकाला सहाचा भाग जात नाही ना. मग पुढचा अंक खाली घ्यायचा. मॅडमनी सांगितलंय.”

“पण घरी तू असं कुठे करतेस? आधी शंभर-शंभराचे ढीग लावतेस.”

“ते घरी,” ती म्हणाली.

हे दोन शब्द मला आजही ऐकू येतात. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी चोख करणारी ही मुलं पुस्तकी रूपातल्या, तितक्याच किंवा त्याहून सोप्या उदाहरणांपाशी अडतात, असं त्यात दिसलं. या मुलीच्या बाबतीत ती भिंत माझ्या डोळ्यांसमोर उभी होती, आणि तिची एक वीट मी स्वतः रचली होती.

कशी, ते सांगते. १५६ ÷ ६ शिकवताना मी फळ्यापाशी म्हणते, “एकाला भाग जात नाही? मग पुढचा अंक घ्या, पंधराला लावा.” त्या उदाहरणात ते चालतं, कारण अडचण पहिल्याच अंकाला आहे. तिनं माझं वाक्य प्रामाणिकपणे पाठ केलं आणि जिथे जिथे भाग गेला नाही तिथे तिथे वापरलं. ६१२ मध्ये सहाला सहाचा भाग गेला, वर १ आला. खाली १ उतरला, भाग जात नाही, म्हणून लगेच २ घेतला, बारा झाले, वर २ आला. उत्तर १२. मधलं शून्य पडलं. पुन्हा सगळा कागद बघितला, तर सहाही चुका त्याच: ८२४ ÷ ८ = १३, ४३६ ÷ ४ = १९, ५४० ÷ ६ = ९. एकही पाढा चुकलेला नव्हता. वजाबाकी चुकलेली नव्हती. सहा लाल फुल्या मी मारल्या होत्या आणि सहांमधला सारखेपणा मला दिसला नव्हता. ‘सराव आवश्यक’ म्हणून मी तिला आणखी वीस उदाहरणं दिली असती, तर तिनं वीस वेळा हीच चूक घोटवली असती.

त्या संध्याकाळी मी ‘सराव आवश्यक’वाल्या बाकी आठ मुलांचे कागद घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर पसरले. चौघांचं हेच, शून्य पडतंय. दोघांना सात आणि आठचे पाढे येत नव्हते. एक मुलगा फळ्यावरचे आकडेच चुकीचे उतरवत होता. त्याला चष्मा लागला. एक मुलगी भागाकाराच्या आठवड्यात गावी होती. एकाच शेऱ्याखाली चार वेगवेगळी दुखणी होती.

सोमवारी खोट्या नोटा घेऊन बसलो. शंभराच्या सहा, दहाची एक, रुपयाची दोन नाणी. सहा जणांना वाटायचे. शंभराची प्रत्येकाला एक मिळाली. दहाची एकच नोट, सहा जण. कुणालाच देता येईना. “मग कुणाला किती दहाच्या मिळाल्या?” “एकपण नाही.” “ते ‘एकपण नाही’ लिहायचं कसं?” शून्य असं दोघी-तिघी एकदम म्हणाल्या. मग नोट मोडून दहा नाणी केली, आधीची दोन मिळून बारा, प्रत्येकाला दोन. एकशे दोन. वाक्यही बदललं: भाग जात नाही तर वर शून्य लिहा, मग पुढचा अंक घ्या.

तेव्हा या मुलीनं विचारलं, “मग १५६ मध्ये पण आधी शून्य लिहायचं ना?” इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बरोबरच आहे. शंभराची एकच नोट सहा जणांत वाटता येत नाही, म्हणजे शतकाच्या घरात शून्य, उत्तर ०२६. सुरुवातीचं शून्य लिहिलं न लिहिलं, किंमत तीच राहते. मधलं किंवा शेवटचं पाडलं की किंमतच बदलते. हे तिनं वर्गाला समजावलं, मी बाजूला उभी राहिले.

घराकडून मी एकच गोष्ट मागितली होती. अभ्यास घ्या, शिकवणी लावा असलं काही सांगितलं नाही. रोज एका भागाकारावर आईनं तिचाच प्रश्न विचारायचा: परत जोडून दाखव, सगळ्या आल्या का? पुस्तकात यालाच ताळा म्हणतात: भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. आईला ताळा शिकवावा लागला नाही. माल नेताना एक पाकीट कमी भरलं तरी मजुरीतून कापलं जातं, त्यामुळे ती रोजच ताळा करते. पंधरा दिवसांनी एका वहीच्या पानावर तिनं लिहून पाठवलं: ‘आता आधी अंदाज सांगते. म्हणते शंभरच्या वर येणार. मग करते.’ अंदाज ही गोष्ट माझ्या चाचणीत कधी दिसलीच नसती. मी ती आईच्या शब्दांत वर्णनात्मक नोंदीत उतरवली आणि खाली ‘आईचे निरीक्षण’ असं लिहिलं.

घरच्यांसमोर मुलाला काय येतं ते बघणं मुंबईला नवीन नाही. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचं काम १९९५ मध्ये इथल्याच वस्त्यांतून सुरू झालं. त्याच संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून ग्रामीण भारतात होणाऱ्या ‘असर’ पाहणीत स्वयंसेवक मुलाच्या घरी जाऊन वाचन आणि गणित तपासतात. त्या गणिताची सगळ्यात वरची पायरी म्हणजे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं, म्हणजे हाच आमचा ६१२ ÷ ६. पण पाहणी देशाची किंवा जिल्ह्याची स्थिती सांगते. या मुलीचं शून्य कुठे पडतं, हे तिच्या वर्गशिक्षिकेलाच शोधावं लागतं, आणि त्यासाठी मुलीनं बोलावं लागतं.

सगळं सरळ झालं असं नाही. एका भेटीत वडिलांनी मुलाला तोंडच उघडू दिलं नाही. दहा मिनिटं तेच बोलले, मुलगा कागदाचा कोपरा दुमडत राहिला. त्यांना मी पुन्हा बोलावलं आणि पहिली पाच मिनिटं फक्त ऐकायची विनंती केली. एका घरी मराठी कमी कळतं, तिथे मुलगाच आईला माझं बोलणं सांगत होता आणि स्वतःला सोयीचं तेवढंच सांगत होता. पुढच्या वेळी शेजारच्या ताईंना बसवलं. स्वतःच्या प्रगतीचा दुभाषी मुलाला करू नये, हे माझं ठाम मत झालं आहे. शिवाय २०२३ च्या नियमबदलानंतर पाचवीला वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास पुनर्परीक्षा आली, त्याची धास्ती प्रत्येक घरात होती. “पास होईल ना?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक भेटीच्या शेवटी आलाच. त्याला मी उत्तर दिलं, टाळलं नाही. तो प्रश्न रास्त आहे.

आणि एक गोष्ट अजून टोचते. ‘घरी ढीग लावते’ याचा अर्थ ती मुलगी रोज रात्री दहापर्यंत टिकल्या भरायला बसते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्यात धोकादायक नसलेल्या घरच्या कामात, शाळेच्या वेळेनंतर मदत करायला मुलांना मुभा आहे, पण नियमांप्रमाणे संध्याकाळी सातनंतर नाही. कायद्याचं काही असो, पहिल्या तासाला तिचे डोळे मिटत होते ते का, हे मला कळलं. आईला मी दोष देऊ शकले नाही. एवढंच म्हणाले, “ताई, नऊला झोपू दे.” ती म्हणाली, “सणाचा माल गेला की नक्की.” माल गेला तेव्हापासून ती नऊला झोपते, असं मुलगीच सांगते. पुढच्या सणाला काय होईल, हे मी आईला आत्ताच विचारून ठेवलं आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतिपुस्तकाची कल्पना आहे. शिक्षकाबरोबर मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापन त्यात यावं, आणि ते पुस्तक घर आणि शाळा यांच्यातला दुवा व्हावं, असं त्यात म्हटलंय. मला ते मनापासून हवं आहे. पण त्यातले रकाने सत्राच्या शेवटच्या रात्री एका बैठकीत भरले गेले, तर माझ्या आठव्या रकान्याचं झालं तेच त्यांचंही होईल. म्हणून भेटी आधी ठरवाव्यात, कागद नंतर भरावेत, असं मी आमच्या समितीला सांगितलं आहे.

पुढच्या प्रगतिपुस्तकावर तिच्या आईची सही होती. वाकडी, ठसठशीत, पूर्ण नाव लिहून केलेली.

३४ पैकी दोन घरांतून मात्र अजून कुणीच आलेलं नाही. एकाची आई पहाटे चारला भाजी आणायला निघते आणि दुपारभर गाडीवर असते; तिच्याकडे बुधवारी रात्री साडेआठला जायचं ठरलं आहे, मुलगा आपले तीन कागद काढून ठेवणार आहे. दुसऱ्या घरी फक्त आजोबा असतात आणि त्यांना चढ उतरवत नाही. त्यांच्याकडेही मीच जाणार आहे.